ड्रम आला, चलानवर सही करायच्या आधी: फायबर केबलची तपासणी

जूनचा पहिला आठवडा, मंगळवेढ्याकडची काळी माती, आणि आभाळ भरून आलेलं. एक मोठा पाऊस झाला असता तर चर खणायचं मशीन पंधरा दिवस जागचं हललं नसतं. त्या घाईत आम्ही २४ फायबरचा, २ किलोमीटरचा एक ड्रम (केबल गुंडाळलेलं लाकडी रीळ) न तपासताच डक्टमध्ये, म्हणजे चरातल्या प्लास्टिकच्या नळीत, घातला. चर बुजला, वरून पाऊसही पडून गेला. मग जॉइंटरने (फायबर जोडणाऱ्याने) ओटीडीआर लावला, म्हणजे प्रकाश सोडून दोष किती मीटरवर आहे ते दाखवणारं मशीन, तर चौदा नंबरचा फायबर, म्हणजे हिरव्या ट्यूबमधला नारिंगी, १२३० मीटरवर तुटलेला. पुरवठादाराचा माणूस आला, मशीनवरची रेघ, म्हणजे ट्रेस, बघितला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, टाकताना ताण बसला असेल." ताण बसला नव्हता, केबल ओढलीच नव्हती, हवेच्या झोताने ब्लो केली होती. पण ते दाखवायला आमच्याकडे कागद कुठे होता? चिखलात खड्डा खणला, तोही चुकीच्या जागी. का चुकला ते पुढे येईल. जास्तीचा एक जॉइंट आमच्या खिशातून बसला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ड्रम तपासायचा तो काच चांगली आहे का एवढंच बघायला नव्हे, तर दोष कुणाच्या ताब्यात असताना शिरला हे ठरवायला. केबल जमिनीत गेली की सगळे दोष तुमचे.

कुणी म्हणेल, कारखान्यात तपासलेलंच असतं की. असतं, आणि नीट असतं. काचेपासून फायबर ओढून झाला की तो साधारण १ टक्का लांबेल इतक्या ताणाखालून त्याची पूर्ण लांबी काढतात, कच्चा असेल तर तिथेच तुटतो. केबल झाल्यावर प्रत्येक फायबरचा रिपोर्ट निघतो. पण कारखाना ते तुमचं गोडाऊन या रस्त्यात दोन-तीनदा चढउतार होते, ट्रकवर ड्रम आडवे रचले जातात, कुणीतरी फळीत लांब खिळा ठोकतो. त्यातलं काहीच कारखान्याच्या रिपोर्टात नसतं.

उतरवताना

हायड्रा (छोटी क्रेन) असेल तर ड्रमच्या मधल्या भोकातून लोखंडी रॉड घाला आणि पट्टे त्या रॉडला लावा. पट्टा थेट केबलवरून घ्यायचा नाही. हायड्रा नसेल तर उतरती फळी लावून, मागून दोर धरून, हळू सोडा. ट्रकखाली टायर टाकून त्यावर ड्रम ढकलणारे मुकादम मी पाहिलेत. ड्रम फुटत नाही म्हणून त्यांना वाटतं काही झालं नाही. आतल्या गुंडाळ्या सरकून एकमेकींत रुतलेल्या असतात, आणि ते डोळ्यांना नाही, ओटीडीआरवर १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशालाच दिसतं.

ड्रम चाकासारखा उभाच ठेवायचा, बाजूवर झोपवायचा नाही. बाजूच्या चकतीवर बाण असतो, गडगडवायचा तो त्याच दिशेने. उलट फिरवला की गुंडाळी सैल पडते. खाली दोन्ही बाजूंना लाकडाची पाचर लावा.

आता सही करायच्या आधी कागद आणि ड्रम समोरासमोर धरा. ड्रम नंबर, फायबरची संख्या, फायबरचा प्रकार (आपल्याकडे बहुतेक वेळा जी.६५२.डी या मानकाचा), लांबी, आणि बाहेरच्या आवरणावर छापलेले मीटर. दोन्ही टोकांवरचे मीटरचे आकडे स्वतः वाचून लिहा. आतलं टोक चकतीच्या भोकातून बाहेर काढलेलं असतं, तिथला आकडा वाचायला कंटाळा करू नका. वजाबाकीतून खरी लांबी मिळते, आणि पुढे ती लागणार आहे.

फळ्यांवरून हात फिरवत एक फेरी मारा. मोडलेली फळी, आत वळलेला खिळा, एका ठिकाणी दबलेलं आवरण दिसलं की त्याचा फोटो काढा, त्यात ड्रम नंबर आला पाहिजे. दोन्ही टोकांच्या टोप्या जागेवर आहेत का बघा. टोपी निघालेली असेल आणि ड्रम पावसात उभा राहिला असेल तर पाणी आत शिरल्याची शक्यता धरून चाला. ट्यूबमधली जेली पाणी अडवते, म्हणून सहसा टोकाचे काही मीटर कापून काम भागतं. पण ते कापलेले मीटर कुणाच्या खात्यात, हे चलानवरच लिहून घ्या. फळ्या मोडलेल्या असल्या तर 'माल मिळाला' एवढंच लिहू नका. 'बाह्य नुकसान, ओटीडीआर तपासणीच्या अधीन' असं लिहून मग सही करा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू दे.

टोक उघडणं

तपासणी शक्यतो गोडाऊनमध्येच करावी. साइटवर धूळ असते, वारा असतो, आणि मुकादम डोक्यावर उभा असतो. एक टेबल, बसायला खुर्ची आणि नीट उजेड एवढं तरी हवंच. बाकी सामान: ओटीडीआर, लाँच केबल (तिच्याबद्दल पुढे), क्लीव्हर (फायबरचं टोक काटकोनात सपाट कापायला), स्ट्रिपर (फायबरवरचा लेप काढायला), आवरण कापायचं कटर, ट्यूब कापायचं कटर, जेली पुसायचं द्रावण, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारे पुसणे, उष्णतेने आवळणाऱ्या नव्या टोप्या, आणि झाकणाची एक बाटली. बाटली फायबरच्या तुकड्यांसाठी आहे. १२५ मायक्रॉनची ती काच बोटात गेली तर दिसतही नाही आणि निघतही नाही. टेबलावर काळं कापड अंथरा म्हणजे पडलेला तुकडा चमकतो. त्या टेबलावर वडापाव खायचा नाही, हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतो.

बाहेरचं टोक तीनेक मीटर मोकळं करा. अगदी शेवटचा मीटरभर तुकडा कापून टाका, तो हाताळणीत पिचलेला असतो. मग साधारण मीटरभर आवरण सोला. आवरणाखाली दोरा असतो, तो पक्कडीत गुंडाळून मागे ओढला की आवरण उसवल्यासारखं फाटत जातं. पुढे पिवळे अरामिड धागे आणि मधली काडी कापा. ट्यूब वेगळ्या करा, एकेक ट्यूब कटरने गोल फिरवून हलकी खाच पाडा, वाकवा आणि सरकवून काढा. इथे जोर केलात तर फायबर तुम्हीच तोडाल आणि दोष पुरवठादाराच्या नावावर लिहाल.

रंगांचा क्रम पाठच हवा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. आमच्याकडे पोरं 'निनाहि तरापां, लाका पिजा गुआ' असं घोकतात. मंत्र विचित्र आहे, पण विसरत नाही. ट्यूबचाही क्रम तोच. ४ ट्यूब, प्रत्येकीत ६ फायबर अशी २४ ची केबल असेल तर चौदावा फायबर म्हणजे तिसऱ्या ट्यूबमधला दुसरा. ट्यूबमध्ये किती फायबर आहेत ते आधी बघा, कारण २४ ची केबल वेगवेगळ्या रचनेत येते. राखाडी आणि पांढरा पिवळ्या बल्बखाली सारखेच दिसतात, म्हणून म्हटलं नीट उजेड हवा.

लाँच केबल कशाला

ओटीडीआर फायबरमध्ये प्रकाशाचा एक झटका सोडतो आणि काचेतून कणाकणाने मागे विखुरणारा प्रकाश वेळेनुसार मोजतो. मशीनच्या कनेक्टरवरचं परावर्तन इतकं मोठं असतं की त्यानंतर काही मीटर मशीनला काहीच दिसत नाही. समोरून मोठ्या हेडलाइटची गाडी गेल्यावर आपले डोळे क्षणभर दिपतात, तसंच. ड्रमचे सुरुवातीचे मीटर त्या आंधळ्या पट्ट्यात जाऊ नयेत म्हणून मध्ये लाँच केबल लावायची. २ किलोमीटरच्या ड्रमला ५०० मीटरची पुरते.

लाँच केबलच्या एका टोकाला मशीनचा कनेक्टर, दुसरं टोक उघडं. ते ड्रमच्या फायबरला तात्पुरतं जोडायचं, खाचेत दोन टोकं समोरासमोर बसवणाऱ्या मेकॅनिकल जोडाने. फ्यूजन मशीन मोकळं असेल तर उत्तमच, पण २४ वेळा वितळवून जोडायला दिवस जातो. मेकॅनिकल जोडात ०.३ किंवा ०.५ डीबी (डेसिबल, प्रकाश किती घटला त्याचं माप) गेले तरी घाबरू नका. आपण जोड नाही, त्याच्या पुढचा रेघेचा उतार, म्हणजे पुढे जाताना प्रकाश किती घटत जातो, ते मोजतोय. मात्र क्लीव्ह स्वच्छ हवा आणि जोडात जेल हवी.

आणि जोडलेल्या फायबरच्या तोंडात डोकावायचं नाही. या तरंगलांबीचा लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं वाटतं.

मशीनच्या सेटिंग

इथे चारच गोष्टी आहेत, पण निम्म्या चुका याच चारांत होतात.

पहिली, अपवर्तनांक. मशीन वेळ मोजतं, मीटर नव्हे. वेळेचे मीटर करायला काचेतला प्रकाशाचा वेग लागतो आणि तो या आकड्यातून येतो. जी.६५२.डी फायबरला तो १३१० नॅनोमीटरला साधारण १.४६७ आणि १५५० ला १.४६८ च्या आसपास असतो. नेमका आकडा कारखान्याच्या रिपोर्टवर छापलेला असतो, तोच घाला. आधीच्या माणसाने १.५ ठेवलेला असला तर २०४८ मीटरचा फायबर २००५ मीटर दिसेल.

दुसरी, झटक्याची रुंदी. १० नॅनोसेकंदाचा झटका ट्रेसवर मीटरभर पसरतो, १०० चा दहा मीटर, १ मायक्रोसेकंदाचा शंभर मीटर. रुंद झटक्याने रेघ गुळगुळीत येते, पण जवळजवळचे दोन दोष एकात मिसळतात. ड्रमला ३० ते १०० नॅनोसेकंद ठीक. सुंदर रेघ यावी म्हणून १ मायक्रोसेकंद लावणारा जॉइंटर एक तर नवा असतो किंवा काहीतरी लपवत असतो.

तिसरी, पल्ला. लाँच आणि ड्रम मिळून अडीच किलोमीटर, तर पल्ला ५ किलोमीटर ठेवा. चौथी, सरासरीची वेळ, म्हणजे मशीन किती वेळ झटके सोडून त्यांची सरासरी काढतं ते. १५ सेकंद पुरतात, रेघ खरखरीत वाटली तर ३०. ४८ फायबर, दोन तरंगलांबी, प्रत्येकी १५ सेकंद म्हणजे मशीनची वेळ फक्त २४ मिनिटं. उरलेला वेळ सोलणं, पुसणं आणि क्लीव्ह करण्यात जातो. म्हणून घाई करायची झालीच तर ती सरासरीत करू नका.

१३१० आणि १५५० दोन्हींवर मोजा. एकच घेऊन चालत नाही. का, ते बघू.

ट्रेस वाचणं

मशीनचा 'पास' बघून पुढच्या फायबरला जाऊ नका. निदान पहिले चार-पाच ट्रेस डोळ्यांनी वाचा. आधी उतार. एक कर्सर जोडाच्या थोडा पुढे, आंधळा पट्टा संपल्यावर, दुसरा शेवटाच्या थोडा आधी. दोघांमधला दर किलोमीटरचा ऱ्हास वाचा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत जी.६५२.डी केबलची कमाल मर्यादा १३१० ला ०.४ आणि १५५० ला ०.३ डीबी प्रति किलोमीटर आहे. पण चांगला फायबर याहून बराच खाली असतो, १३१० ला ०.३५ पर्यंत आणि १५५० ला ०.२ च्या आसपास. तेव्हा शिफारशीच्या मर्यादेत बसतो म्हणून खूश होऊ नका. ऑर्डरमध्ये लिहिलेला आकडा आणि कारखान्याचा त्याच फायबरचा आकडा, या दोघांशी ताडून बघा. रिपोर्टात ०.१९ आणि तुमच्याकडे ०.२६ आलं, तर मर्यादेत असूनही वाटेत काहीतरी घडलेलं आहे.

मग रेघ सलग आहे का बघा. मध्ये पायरी दिसली तर तिथला उतार नको, उडी मोजा. ०.०५ डीबीच्या वरची उडी दिसली की मी थांबतो. ऑर्डरमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा.

पायरी दिसली की तीच जागा दुसऱ्या तरंगलांबीवर उघडा. १३१० ला जवळपास काही नाही आणि १५५० ला ठळक पायरी, म्हणजे तिथे फायबर वाकलाय किंवा दबलाय. लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर लवकर बाहेर सांडतो. मोडकी फळी आणि रुतलेली गुंडाळी यांची हीच खूण. दोन्हीला सारखीच उडी असेल तर काचेतच काहीतरी आहे. दबलेल्याचा दोष कधीकधी गुंडाळी सुटल्यावर नाहीसा होतो. म्हणून वाटलंच तर फळ्या काढा, वरचा थर सैल करा, पुन्हा मोजा. काचेचा दोष असा जात नाही.

मध्येच एक सुळका दिसला, पण त्याच्या मागे-पुढे रेघ एकाच पातळीवर आहे, म्हणजे ऱ्हास नाही, तर ते भूत असायची शक्यता जास्त. जोडावरचं परावर्तन मशीनपर्यंत जाऊन पुन्हा फिरून आलं की दुप्पट अंतरावर त्याची सावली पडते. लाँच ५०० मीटरची असेल तर भूत १००० मीटरवर, म्हणजे ड्रमच्या बरोबर ५०० मीटरवर उभं राहतं. जोडात जेल घाला, क्लीव्ह नव्याने करा, किंवा वेगळ्या लांबीची लाँच लावा. भूत हललं किंवा गेलं तर ते भूतच. एका ड्रमला या भुतापायी नापास करून परत पाठवल्याचं मला माहीत आहे. पुरवठादाराने तोच ड्रम महिन्याने दुसऱ्या साइटवर पाठवला, तिथे तो पास झाला.

शेवटाला मोठा सुळका नाही म्हणूनही बिचकू नका. पलीकडचं टोक पक्कडीने कापलेलं आणि जेलीत बुडालेलं असतं, तिथून परावर्तन येईलच असं नाही. रेघ खाली कोसळली आणि लांबी बरोबर आली, एवढं पुरे.

लांबीचं गणित

आता तो चुकलेला खड्डा. ट्यूब केबलमध्ये मधल्या काडीभोवती पिळून बसवलेल्या असतात, त्यामुळे आतला फायबर बाहेरच्या आवरणापेक्षा थोडा लांब असतो. आमच्या ड्रमवर आवरणाचे मीटर २०१२ होते, तुटका सोडून बाकीचे फायबर ओटीडीआरवर २०४८ मीटर. २०४८ भागिले २०१२ म्हणजे १.०१८, जवळपास पावणेदोन टक्के जास्त. तेव्हा ओटीडीआरवरचे १२३० मीटर म्हणजे आवरणावरचे १२३० भागिले १.०१८, म्हणजे १२०८. आम्ही रस्त्यावर १२३० मोजून खणलं. २२ मीटर चुकलो. काळ्या चिखलात २२ मीटर म्हणजे अर्धा दिवस.

हे गुणोत्तर प्रत्येक ड्रमचं काढून त्याच्या कागदावर लिहून ठेवा. त्याचा आणखी एक फायदा आहे. फायबर आवरणापेक्षा आखूड दिसला तर ते शक्यच नाही. सगळेच आखूड दिसले तर आधी अपवर्तनांक तपासा. तो बरोबर असेल तर केबलच मध्ये कापली गेलीय किंवा चिरडलीय. एकच आखूड असेल तर तोच तुटलाय.

नापास झाला तर

लगेच फोन उचलू नका. आधी क्लीव्ह नवा, जोड नवा, मशीनचा कनेक्टर पुसलेला, आणि पुन्हा ट्रेस. दहातले बरेच 'दोष' इथेच मिटतात. तरीही राहिला तर आतल्या टोकाकडून उलट मोजा. ड्रमच्या पहिल्याच मीटरात वाटलेला दोष उलट बाजूने शेवटाला जातो आणि स्पष्ट होतो. दोन्हीकडून दिसला तर मग लेखी कळवा, दोन्ही बाजूंचे ट्रेस जोडून, आणि पुरवठादाराच्या माणसासमोर एकदा मोजा. ड्रम बाजूला काढून त्यावर लाल रंगाने मोठी फुली. नाहीतर रात्रपाळीचं पोरगं तोच ट्रकवर चढवतं.

'एकच फायबर गेलाय, तेवीस आहेत की' असं सांगणारे भेटतील. वाकू नका. दोष टोकाजवळ असेल तर तेवढे मीटर कापून, लांबी कमी करून ड्रम घ्यायला हरकत नाही, पण बिलही तेवढंच.

नोंद आणि बंद करणं

ट्रेसच्या फाइलचं नाव ठरवूनच सुरुवात करा: ड्रम नंबर, टोक, फायबर नंबर, तरंगलांबी. मशीन आपोआप देतं ते 'फायबर ००१' नाव ठेवलंत तर पाच ड्रमनंतर कुणाचं काय ते तुम्हालाच कळणार नाही. मशीनची तारीख-वेळ आधी बरोबर करा. तारीख चुकलेला ट्रेस भांडणात उपयोगाचा नाही, आणि हे सगळं शेवटी भांडणासाठीच चाललंय. मूळ फाइल ठेवा, नुसता छापील कागद नको. मूळ फाइलमध्ये कर्सर हलवून पुन्हा मोजता येतं.

काम झाल्यावर उघडलेलं टोक आवरणाच्या मागे सरळ कापा, आतली ओल पुसा, नवी टोपी बसवून गरम हवेने आवळा. कापल्यानंतरचा मीटरचा आकडा नव्याने वाचून लिहा, कारण दोनेक मीटर तुम्हीच खाल्लेत. टोक चकतीला बांधा, फळ्या परत ठोका, पण खिळे आखूड घ्या. चकतीवर खडूने नाही, रंगाने लिहा: पास, तारीख, उरलेली लांबी, गुणोत्तर.

तेवढ्यातच कुठला ड्रम कुठल्या टप्प्याला हेही ठरवून टाका. रेल्वे क्रॉसिंग किंवा पुलाखालचा टप्पा असेल तिथे सगळ्यात स्वच्छ ट्रेसचा ड्रम द्या, आणि लांबी अशी जुळवा की जॉइंट पुलाच्या मधोमध न येता अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या चेंबरमध्ये येईल. मग हायड्रावाल्याला फोन करा.